नारिंगी खांबापलीकडचा बिशप

खालचा रँच, विलो ओढा, मोंटाना
थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातला मंगळवार

आदरणीय टॉर्वल्डकाका यांना,

तुमच्या थोरल्या भावाच्या मुलीचा, म्हणजे मार्डेलचा, टोपी काढून आणि बुटांचा चिखल दाराबाहेर झाडून नमस्कार. (दार तुमचं आहे आणि मी त्याच्या बाहेरच उभी आहे, हे दोन्ही लक्षात ठेवून लिहिते आहे.) आम्ही सगळे खुशाल आहोत. तुम्हीही असाल, नसलात तरी कबूल करणार नाही, हे ठाऊक आहे. तुमच्या खुब्यात बसवलेलं नवं हाड छान रुळलं, असं चर्चमध्ये व्हर्नाकाकूंकडून कळलं. ते रुळल्याबरोबर तुम्ही शिडी लावून कोठाराच्या छपरावर चढलात, हेही कळलं, आणि मग काकूंनी दोन दिवस तुमच्याशी बोलणं टाकलं, हेही. तुमच्या म्हाताऱ्या कुत्रीला आता दिसत नाही म्हणे, तरी ट्रकचा आवाज आला की ती बरोबर मागच्या फळीवर उडी मारते. तिला माझा निरोप सांगा की या खोऱ्यात जे डोळे उघडे ठेवून चालतात त्यांच्यापेक्षा तिचं बरं चाललं आहे.

हे पाकीट तुम्ही उघडणार नाही याची मला कल्पना आहे. ते काकू उघडतील, कॉफी ओतून घेतील आणि मोठ्यानं वाचतील. तुम्ही वर्तमानपत्राआड बसून ऐकत नसल्यासारखं सगळं ऐकाल. तेव्हा काकू, कृपा करून त्यांच्या उजव्या बाजूला बसा, डावा कान गेलाय त्यांचा. फोन केला असता, पण आमचं नाव ऐकलं की तुमच्याकडचा फोन आपोआप खाली ठेवला जातो. म्हणून रीतसर तिकीट लावून हे पत्र. हमरस्त्यावर आपल्या दोन्ही घरांच्या टपालपेट्या आजोबांनी रोवलेल्या एकाच खांबावर अजून उभ्या आहेत. तुमच्या हद्दीतला तेवढा एकच खांब नारिंगी रंगवायचा राहून गेलाय. विसरलात की मुद्दाम ठेवलात, ते तुमचं तुम्हाला माहीत. मी विचारत नाही. या पत्रात मी काहीच विचारणार नाही आणि काहीच मागणार नाही, निव्वळ खुशाली कळवायची म्हणून बसले आहे.

तर खुशाली अशी की बाबांनी यंदाही एल्कच्या शिकारीचा परवाना काढला. ऐंशी पूर्ण झाली त्यांना उन्हाळ्यात. (तुम्ही केक पाठवला नाहीत, काकूंनी लोणच्याच्या बरण्या पाठवल्या, त्या चिठ्ठीशिवाय आल्या म्हणून बाबांनी बिनतक्रार रिकाम्या केल्या.) डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून ऐकलं आणि म्हणाल्या, ‘मिस्टर रस्टाड, आता चढ चढायचा नाही.’ बाबा म्हणाले, ‘बरं.’ गाडीत बसल्यावर मला म्हणाले, ‘चढ म्हणाली ती. उतारानं गेलं तर चालेल.’ मी म्हटलं, ‘बाबा, डोंगरावर उतारानं जायला आधी वर असावं लागतं.’ ते म्हणाले, ‘तू गाडी चालव.’

पण ऑक्टोबरात बंदूक पुसताना ते आपणहून म्हणाले की हे शेवटचं वर्ष. बाबा जे बोलतात ते करतात, हा आमच्या घराला लागलेला शाप आहे, तुम्ही जाणताच. आणि प्रश्न मांसाचा नाही. ड्युईनं (माझा नवरा, तुम्ही त्याला शेवटचा पाहिलात तेव्हा त्याला केस होते) हंगाम सुरू होताच दोन हरणं आणली, तळघरातली शीतपेटी भरलेली आहे. बाबांना एक एल्क हवा आहे, शेवटचा, आणि तो त्यांच्या रीतीनं हवा आहे. पायांत बळ या रविवारपर्यंतचंच उरलंय, कारण रविवारी हंगाम संपतो, आणि पुढच्या वर्षी ते जाणार नाहीत. मागे फिरण्याइतका त्यांचा शब्द कधी लवचिक नव्हता.

त्यांची रीत तुम्हाला सांगायला नको. एकाच बापाकडून दोघे शिकलात. पायी जायचं. यंत्रावर बसून, गाडीच्या खिडकीतून, आपण टाकलेल्या चाऱ्यावर आलेलं जनावर मारायचं नाही. घराच्या धुराड्याचा धूर जिथून दिसतो तिथं गोळी झाडायची नाही. जनावराला पळायला वाट आणि कळायला वेळ मिळाला पाहिजे. आणि पाडलं तर शेवटच्या बरगडीपर्यंत सगळं आपल्या खांद्यावर खाली आणायचं. आपल्या खोऱ्यात हे सगळे जण मानतात, विशेषतः पार्टीत, हातात ग्लास असताना. बाबा ते डोंगरावर, कोणी बघत नसतानाही मानतात. त्यामुळे ते आदरणीय आहेत आणि त्यांच्याबरोबर राहणं हे काम आहे.

आता बिशपबद्दल. नोव्हेंबर लागला आणि एका सकाळी मी स्वयंपाकघराचा पडदा सारला, तर खिडकीबाहेर, ज्या गंजीवर आम्ही उन्हाळाभर घाम गाळला तिच्यापाशी, घोड्याएवढा एक नर एल्क उभा. दोन्ही शिंगांना सहा-सहा टोकं, मानेवर काळी आयाळ, आणि चेहऱ्यावर असा भाव की हे गवत त्याच्याच नावानं कापलं गेलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यानं घास चावणं चालू ठेवलं. त्याचं ते गंभीर, संथ, आशीर्वाद दिल्यासारखं मान हलवणं बघून ड्युईनं त्याला बिशप म्हणायला सुरुवात केली. बाबा म्हणाले, ‘नाव ठेवू नका. ज्याच्या मागं जायचंय त्याला नाव ठेवायचं नसतं.’ ड्युई म्हणाला, ‘पण बाबा, त्याच्या मागं जायचंय कुठं? तो इथंच आहे.’

हीच तर मेख, काका. आपल्या बाजूच्या अख्ख्या डोंगरात यंदा एवढा एकच मोठा नर दिसला, आणि तो आमच्या खिडकीखाली बसून रवंथ करत होता. दुपारी तो माझ्या कपडे वाळत घालायच्या दोरीखाली आडवा व्हायचा. एकदा त्यानं ड्युईची लोकरी विजार शिंगावर घेऊन सबंध आवारात मिरवली. रोज पहाटे बाबा बंदूक खांद्याला लावून, थर्मास घेऊन, शिकाऱ्याचा नारिंगी अंगरखा चढवून बाहेर पडायचे, गंजीशी बसलेल्या बिशपच्या शेजारून जायचे, त्याच्याकडे न बघता (भांडलेल्या शेजाऱ्याच्या दारावरून जातात तसं, हा अनुभव तुम्हालाही असेल), आणि डोंगर चढायला लागायचे. म्हणजे ज्या दिशेला एकही एल्क नाही त्या दिशेला. दुपारी गुडघे धरत परत यायचे. ‘काही दिसलं का?’ असं विचारलं की म्हणायचे, ‘खुणा आहेत.’ खुणा होत्याच. सगळ्या खाली आमच्या घराकडे येणाऱ्या.

ड्युई हा साधा माणूस आहे. तो म्हणाला, ‘बाबा, खिडकी उघडतो, टेबलावर उशी ठेवतो, तुम्ही बसल्या बसल्या...’ बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं उशी परत खोलीत नेऊन ठेवली. मग जेवताना त्यानं दुसऱ्या बाजूनं धरलं: हा आपलं गवत खातो, आपल्या आवारात झोपतो, म्हणजे तो गाईसारखाच झाला की नाही? बाबा म्हणाले, ‘मग गाय म्हणून काप. मी दावं धरतो. पण शिकार केली असं म्हणू नकोस.’ ड्युई म्हणाला, ‘मांस तेच ना!’ बाबा बटाटा कुस्करत म्हणाले, ‘जावईबापू, जिथं मी हरूच शकत नाही, तिथं मी जिंकलो असं कोणत्या तोंडानं सांगू?’ ड्युईनं लोणच्याची बरणी पुढे ओढली. माझ्याकडे उत्तर होतं, पण मी बापाच्या ताटात रस्सा वाढत होते.

शेवटी बाबांनी असा न्याय काढला की बिशपला वर डोंगरात पाठवून द्यायचं, तिथं त्याला दोन दिवस श्वास घेऊ द्यायचा, आणि मग त्याच्या मागं रीतसर जायचं. दोन दिवस का, तर आज हाकललेलं जनावर आज मारलं तर तो हाका झाला, आणि हाका म्हणजे फसवणूक. (यावर माझं डोकं दुखायला लागलं, पण तुम्ही दोघांनी लहानपणी याच मुद्द्यावर एकमेकांचे दात पाडले होते असं आजी सांगायची, तेव्हा तुम्हाला सोपं जाईल.) त्याप्रमाणे एका सकाळी मोहीम निघाली. ड्युईच्या हातात दोन पातेली, माझ्या हातात झाडू, बाबा काठी घेऊन मधोमध. ड्युई पातेली वाजवत ‘हो, हो, चला आता, चला’ म्हणायला लागला. बाबा ओरडले, ‘अरे, धाक घाल त्याला! चर्चमध्ये गातोयस का?’ ड्युईनं आवाज चढवला. बिशप उठला, अंग झाडलं, चार पावलं चालला आणि माझ्या कोबीच्या वाफ्यात जाऊन उभा राहिला. मी झाडू उगारला. त्यानं झाडूचा वास घेतला. मग बाबा त्याच्या अगदी समोर गेले, काका, हातभर अंतरावर, आणि त्या जनावराला हात जोडून म्हणाले, ‘अरे बाबा, वर जा ना. मी येतोच आहे तुझ्या मागं.’ मी आयुष्यात त्यांना कोणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. चर्चमध्येसुद्धा ते हात खिशात ठेवतात.

मग ड्युईनं शिकारखात्याला फोन केला, गंजीची नासाडी होते म्हणून. मिस प्रुइट आली. नवी निरीक्षक आहे, वयानं लहान, पण बूट झिजलेले, म्हणून बाबांनी तिला खुर्ची दिली. तिनं विचारलं, ‘आजोबा, परवाना आहे?’ आहे. ‘जमीन तुमची?’ आमची. ‘हंगाम चालू आहे, नर कायद्यात बसतो, तुमच्या दारात उभा आहे. मग त्रास काय आहे?’ बाबा म्हणाले, ‘तोच त्रास आहे. तो पळत नाही.’ तिनं ड्युईकडे पाहिलं, ड्युईनं छताकडे. ती म्हणाली, ‘याच्यासाठी कायद्यात कलम नाही हो.’ बाबा म्हणाले, ‘म्हणूनच तर मला पाळावं लागतं.’ ती बिचारी जाताना जनावरं पिटाळायचे मोठ्या आवाजाचे फटाके ठेवून गेली. ड्युईनं त्यातला एक गंजीमागे उडवला. आवाज असा झाला की आमच्या सगळ्या गाई पूर्वेचं कुंपण मोडून सरळ ओढ्यापलीकडे गेल्या, कोंबड्यांनी आठवडाभर अंडी दिली नाहीत, आणि ड्युईची पाठ धरली, ती अजून सुटलेली नाही. बिशप जागचा हलला नाही. उलट गाई गेल्यामुळे त्याला गंजीची दुसरी बाजूही मोकळी झाली.

आणि मग गेल्या गुरुवारी तो आपणहून गेला.

बुधवारी संध्याकाळपासून बर्फ पडत होतं. सकाळी पडदा सारला तर गंजीशी तो बसायचा तिथं खळगा होता, आणि त्यातून निघून पावलं कुंपणावरून, ओढा ओलांडून, डोंगराच्या दिशेनं गेलेली. कोणी हाकललं नव्हतं, कोणी बोलावलं नव्हतं. बाबा पायऱ्यांवर उभे राहून त्या पावलांकडे बघत होते. काका, आईचं पत्र आलं की ते जसे बघायचे, लग्नाआधीचं, तसे ते बघत होते असं मी म्हणेन, पण तेव्हा मी नव्हते; तुम्ही होतात. ते मला म्हणाले, ‘मी निघालो.’ मी म्हटलं, ‘मीही.’ ते म्हणाले, ‘तुला चालायला येत नाही.’ मी म्हटलं, ‘मला तुमच्यापेक्षा बरं येतं, फक्त मी त्याचं कौतुक करून घेत नाही.’ त्यांनी थर्मास माझ्या हातात दिला. म्हणजे होकार.

आम्ही सकाळभर चढत होतो. डॉक्टरीणबाईंचा चढ, दुसरा शब्द नाही. मी त्यांच्या मागं, त्यांच्याच पावलांत पाय ठेवत. ते थोडं चालायचे आणि थांबायचे. थांबले की वाऱ्याचा अंदाज घेतोय असं दाखवायचे, आणि मी थर्मासचं झाकण घट्ट आहे का ते बघतेय असं दाखवायचे. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी मनात ठरवलं होतं की आणखी एका वळणानंतर परत फिरवायचं, आणि प्रत्येक वळणावर मी ते पुढच्या वळणावर ढकलत होते, कारण ते पावलं वाचत होते, काका. इथं तो थांबला, इथं त्यानं मागं वळून बघितलं, इथं त्यानं आपल्याला ऐकलं आणि झाडीत शिरला. ‘कळलंय त्याला,’ ते म्हणाले. आणि हसले. या हंगामातलं पहिलं हसू. गंजीशी लोळणारा तो आळशी मठाधिपती डोंगरात शिरल्याबरोबर एकदम एल्क झाला होता, आणि त्याच्या मागं जाणारा माझा बापही एकदम साठीचा झाला होता.

वरच्या कड्यावर, जिथं देवदार संपतात आणि उघडं कुरण लागतं, तिथं तो आम्हाला दिसला. शंभर पावलांवर असेल. आडवा उभा, तोंड आमच्याकडे. त्यानं आम्हाला पाहिलं होतं. पळायला सगळा डोंगर त्याच्यासमोर होता आणि कळायला त्याला सगळी सकाळ मिळाली होती. बाबांनी गुडघा टेकला, बंदूक खांद्याला लावली. मी श्वास धरला. त्यांनीही धरला असावा, कारण तो इतका वेळ ऐकू येत होता तो थांबला. आणि तेवढ्यात बिशपनं दोन ढांगा टाकल्या, हलकेच उडी मारून तुमचं कुंपण ओलांडलं आणि पलीकडे जाऊन पुन्हा तसाच उभा राहिला. तितकाच जवळ. तितकाच आडवा. मध्ये फक्त तारा आणि एक खांब.

मी कुजबुजले, ‘बाबा, आता. तो उभा आहे.’ ते म्हणाले, ‘खांब दिसत नाही का तुला?’

खांब मला दिसत होता. आपल्याकडे नारिंगी खांब म्हणजे ‘आत पाऊल टाकू नका, गोळीही टाकू नका’, हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण एल्कांना अजून कोणी शिकवलेलं नाही. बाबांनी बंदूक खाली घेतली, गोळी बाहेर काढली, खिशात ठेवली. मग चालत त्या खांबापाशी गेले. बिशप तुमच्या कुरणातून रमत-गमत खाली उतरला, तुमच्या घराच्या दिशेनं. बाबांनी हातमोजा काढून खांबावर हात फिरवला आणि म्हणाले, ‘रंग चांगला दिलाय टॉर्वल्डनं. जमिनीपर्यंत दिलाय. लोक वरवरच देतात.’ एवढंच. त्या दिवशी कड्यावर वारा फार होता आणि त्यानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, म्हणून आम्ही लगेच परत फिरलो.

आता या खांबांचा इतिहास मी काढणार नाही. मी खुशालीचं पत्र लिहिते आहे. तुमच्या बैठकीत शेकोटीच्या वर जे शिंगांचं मस्तक लावलंय, ज्याच्या मागं तुम्ही तीन दिवस डोंगर तुडवल्याचं पाहुण्यांना सांगायचात, तो एल्क तुम्ही सकाळी कॉफी पिताना व्हरांड्यातून, जांभळ्या झग्यात आणि सपातांत मारला होता, हे साऱ्या खोऱ्याला माहीत होतं आणि सारं खोरं सभ्यपणे गप्प होतं. चर्चच्या मासळीच्या जेवणात, सगळ्यांचे काटे-चमचे हवेत थांबवून, ‘तीन दिवस? त्या सपातांत?’ असं विचारायचं काम एकट्या बाबांनी केलं. लोक हसले. मीही हसले, काकू, तुम्हीही हसलात, तुमच्या हातातला बटाटा खाली पडला होता. काका, तुम्ही चमचा खाली ठेवून निघून गेलात आणि त्याच आठवड्यात खांब नारिंगी झाले. त्याला आता एक तप झालं. बाबांचं म्हणणं बरोबर होतं आणि ते सांगायची जागा चूक होती. तुमचा राग बरोबर होता आणि एवढा रंग चूक होता. हे मी दोघांनाही इतक्या वर्षांत सांगितलेलं नाही, कारण मला दोन्ही घरची लोणची लागतात.

तर असं आहे. बाकी ड्युईची पाठ, कोंबड्यांची अंडी आणि पूर्वेचं कुंपण सोडलं तर सगळं ठीक आहे. परवा थँक्सगिव्हिंगची टर्की करणार आहोत, तुमच्या घरीही असेलच. काकूंना नमस्कार, कुत्रीला खाजवा, खुब्याला जपा.

तुमची पुतणी,
मार्डेल

ता. क. काही मागणार नाही असं वर लिहिलं आहे, ते कृपया पुन्हा वाचू नये. परवानगी हवी आहे. आपल्याकडची पद्धत मला माहीत आहे: ज्याला दुसऱ्याच्या जमिनीत जायचं त्यानं ऑगस्टात, पाय (खायचा, सफरचंदाचा) घेऊन, टोपी हातात धरून दारात यावं आणि स्वतः विचारावं. बायकोनं, मुलीनं, पत्रानं विचारलेलं धरत नाहीत. बाबा विचारणार नाहीत. मेले तरी नाहीत, आणि ते त्यांच्या दृष्टीनं दोन्हीपैकी सोपं आहे. तुम्ही फाटक नुसतं उघडं ठेवलंत तरी ते आत येणार नाहीत, उलट पुढे होऊन लावून टाकतील. मग एकच उरतं: तुम्हीच वर यायचं. गेल्या गुरुवारपासून रोज सकाळी ते त्या कड्यावरच्या खांबापाशी जाऊन उभे राहतात. शनिवारीही जातील, रविवारीही, मग हंगाम संपेल. नारिंगी अंगरख्यात दुरून ते तुमच्याच खांबांसारखे दिसतात. तेव्हा शनिवारी ऊन वर आल्यावर तुमच्या वरच्या कुंपणाला एक खांब जास्तीचा दिसला, आणि त्याला टोपी असली, तर तो तुम्ही रंगवलेला नाही. आणखी एक, पाडलं तर खाली आणायला दुसरा खांदा लागेल. ड्युईची पाठ गेली, माझा खांदा ते मोजत नाहीत.

ता. क. दुसरा. आत्ताच काकूंचा फोन येऊन गेला (तुम्ही कोठारात होतात). काकू, हे वाचताना खोकला आल्यासारखं करून गाळलंत तरी चालेल. बिशप तुमच्या गंजीला लागला आहे आणि दुपारी तुमच्या व्हरांड्याच्या पायरीशी झोपतो, असं त्या म्हणाल्या. तुम्ही कालपासून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला आहात असंही म्हणाल्या. शेकोटीवरची बंदूक खुंटीवर नाही. आणि त्याहून वाईट, तुम्ही काही बोलत नाही, नुसते त्याच्याकडे बघता. म्हणजे मी वर एवढी पानं खरडली ती कदाचित उशिरानं. तुम्हाला हक्क आहे, परवाना आहे, जमीन तुमची आहे, आणि कलम कुठलंच आड येत नाही. मी फक्त कळवते की आमच्या खिडकीखाली तो होता तेव्हा आम्हालाही सगळं होतं.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करायला टेबलावर ठेवून मी शेगडीवरची कॉफी उतरवायला वळले. परत पाहते तर बाबा चष्मा लावून, उभ्याउभ्या, हे पत्र पहिल्या ओळीपासून वाचत होते. मी पळून जाणार होते, पण घर आमचंच आहे. त्यांनी दुसरा ताजा कलमसुद्धा वाचला. मग कड्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ‘त्या दिवशी वारा नव्हता. खोटं लिहू नकोस.’ तर वारा नव्हता, काका. मग खिडकीपाशी गेले, गंजीकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘खाली जागा आहे ना, लिही.’ एका तपानंतरचा निरोप आहे, म्हणून माझा शब्द न मिसळता देते:

‘टॉर्वल्ड, झगा काढ. बूट घाल. त्याला आधी वर जाऊ दे. शनिवारी येताना दोर आण, माझा कुजलाय.’